एकटीची साक्ष

दुपारी अडीचच्या सुमारास लाँड्रीत एक माणूस कोट टाकून गेला. तो दारापाशी पोहोचला, तेवढ्यात मागच्या खोलीत मशीनचं झाकण धाडकन आदळलं. माणूस दचकला, डावा खांदा कानाशी नेऊन त्याने मागे वळून पाहिलं आणि निघून गेला.

काउंटरमागच्या बाईने त्याला ओळखलं. हाच चेहरा आणि हाच वर चढलेला खांदा तिने अकरा महिन्यांपूर्वी समोरच्या औषधाच्या दुकानातून पळताना पाहिला होता. त्या गुन्ह्यासाठी तुरुंगात मात्र दुसराच माणूस होता. तिच्या साक्षीवर.

ती धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर बसली. गिऱ्हाईक आलं, घंटी वाजवून कंटाळून परत गेलं, तरी ती उठली नाही.

चर्चमध्ये तिला सगळे आज्ञाबाई म्हणत. वीस वर्षं ती संडे स्कूलमध्ये मुलांना बायबलमधल्या दहा आज्ञा शिकवत होती. नवरा म्हणे, "आमच्या घरी अकरावीही आहे. ओला टॉवेल पलंगावर टाकू नको." दारात कोणी आल्याचं खोटं कारण सांगून फोन ठेवणंसुद्धा तिला जमत नसे. त्यामुळे औषधवाल्यावर हल्ला झाला आणि पाहणारी ती एकटीच निघाली, तेव्हा पोलिसांना वाटलं, याहून चांगली साक्षीदार कुठे मिळणार?

कोणीतरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागितल्या होत्या, तो वाद तिला रस्त्यापलीकडून ऐकू आला होता. औषधवाल्याने नकार दिला, म्हणून त्या माणसाने शटरचा गज त्याच्या डोक्यात घातला. औषधवाला वाचला, पण तो दिवस त्याच्या आठवणीतून पार पुसला गेला. पोलिसांनी आज्ञाबाईसमोर सात जण उभे केले. त्यांतला एक रंगारी होता. शेजारच्या इमारतीला तो आठवडाभर रंग देत होता, येता-जाता तिच्या नजरेस पडत होता. तो चेहरा ओळखीचा वाटला, आणि ओळखीचा म्हणजे हाच, असं तिच्या मनाने धरलं. कोर्टात पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, हात ठेवून तिने बोट दाखवलं. रंगाऱ्याच्या वकिलाने तीनदा विचारलं, "नक्की हाच?" तिसऱ्यांदा ती दुखावून म्हणाली, "मी खोटं बोलत नसते." रंगाऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"अगं, एक नजर तर पडली. तेवढ्यावरून काय ठरवतेस?"

"तेव्हा तरी किती पडली होती?" ती म्हणाली.

तो ताट सरकवून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तू जाणूनबुजून खोटं बोलली नाहीस, ताई. प्रभू मन पाहतो. त्याच्या कृपेवर विश्वास ठेव."

"माझं मन पाहील हो तो. पण आत रंगारी आहे."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "मग वकिलाकडे जा," ते हळू म्हणाले. "कालच जायला हवं होतंस."

जाण्याआधी तिने घरी शास्त्र उघडलं. मोशेच्या नियमशास्त्रातली न्यायनिवाड्याची प्रकरणं ती मुलांना कधी शिकवत नसे. मुलं जांभया देतात, म्हणून पानं उलटून पुढे जाई. आता ती उभ्यानेच वाचू लागली. एकाच साक्षीवर कोणाला दोषी धरू नये, दोन किंवा तीन साक्षीदार हवेत, असं तिथे स्पष्ट होतं. आणि खोट्या साक्षीदाराने दुसऱ्याचं जे करायचं योजलं, तेच त्याचं करावं, हेही होतं. हा नियम लबाडांना आवरायला आहे, असं ती आजवर समजत होती. तिच्यासारख्या, स्वतःच्या प्रामाणिकपणावर निर्धास्त असलेल्या माणसांपासूनही देवाला कोणाला तरी वाचवायचं होतं. ‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ या ज्या आज्ञेवर तिने पोरांकडून तक्ते रंगवून घेतले, तिच्यात शेजारी हा शब्द होता. तो ती वीस वर्षं घोकत आली होती. शेजाऱ्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं, आपली जीभ स्वच्छ आहे एवढंच ती बघत राहिली होती.

रंगाऱ्याच्या वकिलाने तिला ओळखलं, पण बसायला सांगितलं नाही. तिने पावतीपुस्तक टेबलावर ठेवलं. कोट टाकताना त्या माणसाने त्यात स्वतःच्या हाताने नाव-पत्ता लिहिला होता.

"बाई, यात तुमच्यावरच खटला होऊ शकतो, कल्पना आहे ना?"

"शास्त्रातही तसंच लिहिलंय."

वकिलाने खुर्ची पुढे केली.

नाव ऐकताच औषधवाला म्हणाला, चिठ्ठी नव्हती म्हणून याला आपण पूर्वी दोनदा परत पाठवलं होतं. पोलिसांनी त्या माणसाला उचललं. तिसऱ्या दिवशी त्याने गुन्हा कबूल केला. आणखी दोन महिन्यांनी रंगारी सुटला. आज्ञाबाईवर खटला झाला नाही. न्यायाधीश म्हणाले, चूक प्रामाणिक होती. ते ऐकून तिला चपराक बसल्यासारखं झालं.

पुढच्याच आठवड्यात ती रंगाऱ्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने दार उघडलं, तिला पाहिलं आणि ती बाजूला झाली. रंगारी खिडकीशी बसला होता. वाळला होता. नखं स्वच्छ होती, कुठे रंगाचा ठिपकाही नव्हता.

"माफी मागायला आलात?"

"मागायची आहे. तुम्ही द्यावी असं नाही."

"कोर्टात मी तुमच्याकडे बघत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा नीट बघतील तर कळेल त्यांना. तुम्ही नुसतं बोट दाखवलंत."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे घारे होते. हे तिला आज कळत होतं.

"माफीचं राहू द्या," तो म्हणाला. "माझ्या मुलीला सांगा. ती माझ्याजवळ येत नाही. बाईंनी देवाच्या पुस्तकावर हात ठेवला होता म्हणते, मग बाबाच खोटा."

आठ-नऊ वर्षांची मुलगी पडद्याआड उभीच होती. आज्ञाबाई खाली बसली, तसे दोघींचे डोळे एका पातळीवर आले.

"तुझ्या बाबांनी कोणाला मारलं नाही. मी चुकीचं सांगितलं."

"पुस्तक हाताखाली होतं ना?"

"होतं."

"तरी?"

"तरी. मला वाटलं मला माहीत आहे. मला माहीत नव्हतं."

मुलीने बापाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि आत निघून गेली. आज्ञाबाई उठून दाराशी आली, तेव्हा रंगारी मागून म्हणाला, "उद्या परत या. तिला एकदा सांगून पटत नाही."

दुसऱ्या दिवशी लाँड्री बंद झाल्यावर ती परत गेली.