नॉर्मनचा बाक

क्लिफर्डने पिशवीतून पेचकस काढला आणि परत आत ठेवला. बाकावर मिसेस थ्वेट बसल्या होत्या, मांडीवर थर्मास, शेजारी दोन कप. दर गुरुवारी अकराच्या सुमाराला त्या इथे येत आणि नवऱ्याच्या नावाच्या बाकावर समुद्राकडे तोंड करून बसत. दुसरा कप नॉर्मनचा. नॉर्मनला जाऊन दहा वर्षं झाली, पण त्याचा चहा ओतायचा काही राहत नव्हता.

सव्वीस वर्षं क्लिफर्ड नगरपालिकेत काढून टाकायचं काम करत होता. रोज सकाळी हातात कागद पडायचा आणि त्यावर प्रत्येक ओळीत एकच शब्द असायचा, 'रिमूव्ह'. मेलेला सीगल, भिंतीवर लिहिलेल्या शिव्या, बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगगम, सगळ्यांना तोच शब्द. आज शेवटच्या ओळीत या बाकावरची नॉर्मन थ्वेटच्या नावाची पितळी पट्टी होती. कागदाला काय, सगळं सारखंच. क्लिफर्डला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने टोपी काढून सगळं सांगितलं. पट्टीची मुदत दहा वर्षांची. पुढे ठेवायची असेल तर कळवा, असं पत्र वसंतात गेलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

"पत्र मिळालं की मला," मिसेस थ्वेट म्हणाल्या. "आता ठेवायचीच ना ती, त्यात कळवायचं काय? म्हटलं, हापिसातल्या लोकांना कामं थोडी आहेत का? उगाच कशाला त्रास द्या."

क्लिफर्डच्या आईने डॉक्टरला असाच त्रास दिला नव्हता, आणि त्यातच ती गेली होती.

त्याने हापिसात फोन लावला. तिथल्या जॅनिसलाही वाईट वाटलं. पण बाकासाठी नाव नोंदवलेल्यांच्या यादीतलं पुढचं कुटुंब तीन वर्षं थांबलं होतं, शनिवारी फुलं घेऊन येणार होतं, आणि गावात दुसरा बाक रिकामा नव्हता. त्यांची नवी पट्टी तर क्लिफर्डच्याच पिशवीत होती.

"चहा संपेपर्यंत थांबशील का रे?" मिसेस थ्वेटनी विचारलं.

"थांबतो की."

त्यांनी नॉर्मनचा कप त्याच्या हातात दिला. चहात दोन चमचे साखर होती. क्लिफर्ड बिनसाखरेचा घेई, तरी त्याने तो उभ्या उभ्या तळापर्यंत संपवला. मग त्याने चार स्क्रू काढले, पट्टी बाहीने पुसली आणि त्यांना दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन दोनदा ओढून पाहिली. नवी पट्टी त्याच भोकांवर बसली.

"काय लिहिलंय? चष्मा आणला नाही मी."

"आयव्ही हार्डकासल. हिला इथून समुद्र बघायला आवडायचं."

"आवडणारच," मिसेस थ्वेट म्हणाल्या. मग त्या सावकाश बाकाच्या टोकाला सरकल्या आणि त्यांनी शेजारी आणखी एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा केली.