आईच्या गाडीवर देशदर्शन

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि माझ्या आत्ताच्या मालकाबद्दल मला काडीचाही आदर नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म जपानी कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं व्हिएतनामच्या दक्षिणेला, कान थो शहरात. थोआबाईंनी मला सेकंडहँड घेतलं. बावीस वर्षं माझ्या मागच्या सीटवर बदकाच्या अंड्यांच्या टोपल्या बांधून त्यांनी बाजार गाठला. दर पौर्णिमेला न चुकता माझं तेल बदललं. "ही दमली तर आम्ही उपाशी," असं त्या शेजारणीला सांगायच्या. इतकं कौतुक फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येतं. गेल्या वर्षी त्या वारल्या.

तोआन हा त्यांचा थोरला मुलगा. आई होती तोवर याने मला साधं ओलं फडकंही लावलं नव्हतं. धाकटी बहीण लान्ह माझ्यावरून अंडी नेऊन घर चालवत होती. एका सकाळी हा तिला म्हणाला, "आईनं जन्मात कान थो सोडलं नाही. तिच्या गाडीवरून मी सगळा देश बघणार. तेवढीच तिची इच्छा पुरी होईल."

"ही इच्छा तिनं तुला कधी सांगितली?" लान्हने विचारलं. "आणि दादा, वर्षश्राद्ध तोंडावर आलंय."

"सहाव्या महिन्याची वीस ना? फोनवर बघितलंय मी. त्याच्या आधी येतो."

बघितलं होतं, हे खरं. तुमच्याकडे अधिक महिना येतो, तसा त्यांच्या चांद्र वर्षात यंदा सहावा महिना दोनदा येत होता. त्यामुळे फोनवर सहाव्याची विसावी तारीखही दोनदा. श्राद्ध त्या दोनातल्या पहिल्या महिन्यात करतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. याने आपल्या सोयीची, म्हणजे दुसरी उचलली. बहिणीला विचारायची तसदी घेतली नाही.

देश कसा पाहावा, ते याच्याकडून शिकू नका. समुद्राकाठच्या घाटात हा दर वळणावर मला उभी करायचा, हँडलवर हात ठेवून फोटो काढायचा आणि खाली लिहायचा, 'आई, बघतेस ना?' तिने बघितलं असतं, तर आधी माझं तेल बघितलं असतं. मध्य भागातल्या ह्वे शहरात तिखटाने याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर खानावळवालीलाच सुनावलं, "आमच्याकडे असलं नसतं." हनोईत समोर गरम सूप आलं, तर म्हणे, "गोडी कुठंय याला? आणि कच्च्या भाज्यांची ताटली?"

तिथली खानावळवाली वाढता वाढता म्हणाली, "तुमच्याकडचंच हवं होतं, तर तिकडेच थांबायचं होतं की."

मला हसता आलं असतं, तर मी तिथेच हसले असते.

तीन आठवड्यांनी, देशाच्या पार उत्तरेला, दगडांच्या फटींत मका उगवतो त्या डोंग वान गावात मी धापा टाकत बंद पडले. तिन्हकाका नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने खालचा बोल्ट काढला. काळंकुट्ट तेल बाहेर आलं.

"कधी बदललं होतंस?"

"प्रवासात होतो, काका. आईची गाडी आहे. महिन्यावर तिचं वर्षश्राद्ध आलंय."

"कितवी तारीख?"

"सहाव्याची वीस."

काकांनी हात पुसले. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, तिकडे बोट केलं. "मग आज काय आहे, ते वाच."

त्याने वाचलं. सहावा महिना, वीस. त्याने बहिणीला फोन लावला.

"लान्ह, मी... मी पुढची वीस धरली होती."

"जेवणं झाली, दादा." तिच्यामागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. "अंडी शेजारून मागून आणली. गाडी नाही, तर आणू कशावरून? सगळे विचारत होते, थोरला कुठंय. मामा म्हणाले, देश बघतोय."

तिने फोन ठेवला. तो तेलाच्या ओघळाशेजारी बसून रडू लागला. मला दया आली नाही. खरं सांगायचं तर थोडी आली, कारण याच पोराला लहानपणी टोपल्यांच्या पुढे बसवून मी शाळेत सोडलं होतं.

काकांनी दुकानातल्या देव्हाऱ्यातली एक उदबत्ती पेटवून त्याच्या हातात दिली. "घे. घराकडे तोंड करून नमस्कार कर."

तो उठला. डोंगराकडे वळला, मग रस्त्याकडे, मग पुन्हा डोंगराकडे. उदबत्तीची राख त्याच्या बोटांवर पडली.

"काका," तो हळूच म्हणाला, "दक्षिण कुठली?"

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या गाडीवरून खुशाल फिरा. तेल तेवढं वेळेवर बदला. आणि निघण्याआधी आपलं घर कुठल्या दिशेला राहील, एवढं तरी मागे वळून पाहून ठेवा.