कच्च्या रंगाचा वाघ

त्या गुरुवारी ललिता वडिलांचा, आप्पांचा, पांढरा लेंगा धूत होती. पाण्यात काळे ओघळ उतरले. बसण्याच्या जागी आडवे काळे डाग होते. वास ओळखीचा होता, केसांच्या डायचा. आप्पांचं अंबडला सलून होतं. तिने लेंगा पिळला आणि वाळत घातला.

"आप्पा, इन्सुलिन घेतलंत?"

"घेतलं गं, मास्तरीणबाई!"

घरातला तो शेवटचा साधा दिवस. सोमवारी आप्पा गेले. कपाटात बुधवारपासूनच्या सुया कोऱ्याच सापडल्या.

पुढच्या गुरुवारी ती पट्टेवाल्या बाबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. कारखान्यांतून सुटलेली माणसं, सटाण्याहून आलेल्या दोन जीपा, पाय ठेवायला जागा नाही. मधोमध व्याघ्रासन, म्हणजे अंथरलेलं वाघाचं पट्टेरी कातडं. रोग्याला त्यावर बसवायचं, पाणी शिंपडायचं, की बाबाचं तोंड सुटायचं.

"हे पट्टे नव्हेत, देवीची बोटं! दुखणं शोषून घेतात! पण सुई टोचलेलं अंग वाघाला खपत नाही. अनुष्ठानाच्या शेवटच्या आठवड्यात सुई बंद!"

आप्पाही आधी हसले होते. "पट्टेवाला म्हणजे कचेरीतला शिपाई. आपली फाइल देवापुढे हाच सरकवणार वाटतं!" मग पायाची जखम भरेना. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि ते याच आसनावर अनुष्ठानाला बसले.

आता आसनापुढे पेठकडची कुसाबाई उभी होती. कडेवर नऊ वर्षांची पूजा, काडीसारखी वाळलेली. तिलाही साखर.

"थांबा," ललिता म्हणाली. पिशवीतून तिने आप्पांचा वस्तरा, साबण आणि ब्रश काढला. "वाघाचा पट्टा नुसता केसांत नसतो, खाली कातडीवरही असतो. वाघ भादरला तरी पट्टेरीच राहतो. या आसनावर चार बोटं भादरून बघू."

"देवाच्या अंगाला लोखंड?" बाबा गरजला. "भस्म होशील!"

कुसाबाई पुढे झाली. "आमी वाघबारशीला वाघ पुजतो, बाबा. वाघ कुनाला भेत नाय. तुमचा का भेतो?"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. तेवढ्यात ललिताने ब्रश फिरवला. फेस काळा झाला. आप्पांसारखाच हलका हात ठेवून तिने वस्तरा ओढला. खाली फिकट, कोरी कातडी. पट्ट्याचा मागमूस नाही.

"वासरू हाय हे!" कुसाबाई म्हणाली.

"गवतात, उन्हासावलीत सावजाला दिसू नये म्हणून वाघाला पट्टे असतात," ललिता म्हणाली. "यांचेही त्याचसाठी आहेत."

"तुझ्या बापाची श्रद्धाच कच्ची होती!" बाबा किंचाळला.

"श्रद्धा पक्की होती. रंग कच्चा होता."

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "एवढी शिकलेली तू. आधी नाय कळलं?"

ललिताने वस्तरा पुसला. मिटला.

"कळलं होतं. लेंग्यावर डाग होते. दुकानातले असतील, असं मी मनाला सांगितलं. दुकान तर पंधरा दिवस बंद होतं. आप्पा आशेवर होते, त्यांचं मन मोडवेना, म्हणून मी गप्प बसले. बोलले असते तर ते आधी चिडले असते, मग हसले असते, आणि सुई घेतली असती."

ती कुसाबाईकडे वळली.

"कुसाबाई, पूजाला आत्ताच दवाखान्यात न्या. आणि तुम्ही सगळे ऐका. डाग दिसला की विचारा. घरातलं माणूस रागावलं तरी विचारा. मी विचारलं नाही."