बारा पाकळ्यांचा घुमट

माझं तोंड मोठं आहे, हे अख्ख्या अंबरनाथ पश्चिमेला माहीत आहे. दोन हजार आठच्या त्या वैशाखात मी विहाराच्या मीटिंगमध्ये उभी राहिले आणि सांगून बसले, की बुद्धपौर्णिमेला थर्माकोलचा तयार स्तूप आणायचा नाही. चाळीस मुलं कागदाचा स्तूप स्वतःच्या हाताने करतील, आणि त्याचे भाग मी कॉम्प्युटरवर काढून देईन. सेक्रेटरी धर्मराजकाकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक तरी उभा करून दाखव, म्हणाले, नाहीतर उल्हासनगरला कॅम्प एकच्या दुकानात थर्माकोलची ऑर्डर जाईल.

मी तेव्हा उल्हासनगर कॅम्प चारला मुकेशभाईच्या डीटीपीच्या दुकानात कामाला होते. चित्रांसाठी मी इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर नेटवरून उतरवून घेतलं. ते फुकट मिळतं, म्हणून मुकेशभाईला त्याचा फार संशय. महागड्या सॉफ्टवेअरची कॉपी केलेली सीडी देतो, सगळे तीच वापरतात, असं तो समजावत राहिला. मी म्हटलं, रोज सकाळी न दिलेलं घेणार नाही म्हणून शील घ्यायचं, आणि स्तूप चोरीच्या सीडीवर काढायचा, हे मला जमणार नाही. त्याने सीडी परत खणात टाकली. मला चढला तो माज.

तो माज गुरुवारी उतरला. पायथा झाला, कठडा झाला, तोरणं झाली. पांढरा, दगडी, पिवळा, निळा असे चार रंग मी करून ठेवले. रंग बदलायला एक क्लिक पुरते. जनी नावाच्या एका चिमुरडीने गुलाबी मागितला, तोही केला. राहिला घुमट. बारा पाकळ्या कापल्या, घरी येऊन कडेला कडा जोडल्या, आणि घुमट बसला तो पार सपाट, परातीत थापलेल्या भाकरीसारखा. पुन्हा केला. पुन्हा भाकरी.

पप्पा खाटेवरून बघत होते. शंकरराव ओव्हाळ, बत्तीस वर्षं कारखान्यात पत्राकामाचे फिटर. रिटायर झाल्यापासून दोन वर्षं नुसते बसून. काही विचारलं की म्हणायचे, ड्रॉइंग साहेब लोकांनी काढायचं, आपण कापायचं, आपल्याला काय कळतं. तेच पप्पा त्या दिवशी खो खो हसले. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, हसता काय, करून दाखवा ना.

ते उठले. आईची कढई पालथी घातली, काठापासून मध्यापर्यंत दोरा लावला, तो दोरा माझ्यासमोर सरळ धरला.

"पाकळी किती लांब काढलीस?"

"पन्नास मिलिमीटर. घुमटाची उंची पन्नास आहे."

"पत्रा उंचीने चढत नाही, यशा. वळून चढतो. साडेअठ्ठ्याहत्तर लागेल."

मग त्यांनी पेन्सिल घेतली. पाकळीचे सहा सारखे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याची रुंदी लिहिली. खाली सव्वीस पॉइंट दोन, मग पंचवीस पॉइंट तीन, असं करत टोकाला शून्य. आकडे सगळे तोंडपाठ असल्यासारखे उतरत होते. मी बावीस वर्षं ह्या माणसाच्या घरात राहत होते आणि मला ह्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. लाज वाटली, खरं सांगते.

शुक्रवारी सकाळी त्यांना दुकानात नेलं. बाराही पाकळ्या मी एकाच पाकळीच्या नकला म्हणून मांडल्या होत्या. पप्पांची मापं टाकून पहिली सुधारली, तशा उरलेल्या अकरा आपोआप सुधारल्या. पप्पा खुर्चीत पुढे सरकले. एकेक पाकळी पत्र्यावर सुईने आखायला आमचा अर्धा दिवस जायचा, म्हणाले, आणि मुकेशभाईला खूण करून चहा मागवायला लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बाहेरच्या कुणाला काही सांगितलं होतं.

एक प्रत छापली, कापली, जोडली, आणि घुमट मिटला. फट नाही, सुरकुती नाही. मी मुकेशभाईला चाळीस प्रती छापायला घे म्हटलं आणि पप्पांना, तयार स्तूप आणि एक छापलेलं पान घेऊन विहारात गेले.

धर्मराजकाकांनी घुमटावर अंगठा दाबून बघितला. तो दबला नाही. थर्माकोल रद्द, कमाल केलीस यशोधरा, असं ते सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, काका, हे पान नीट वाचा. पानाच्या कोपऱ्यात मी छापलं होतं: घुमटाची मापं, शंकरराव ओव्हाळ, फिटर. ते त्यांनी मोठ्याने वाचलं. माझी छाती फुगली.

पप्पांनी पान हातात घेतलं.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

तिकडे चाळीस प्रती सुटल्या असणार.

"नुसतं फिटर नाही. फिटर, ग्रेड वन. बदल."

मी तिथल्या तिथे मुकेशभाईला फोन लावला आणि छपाई थांबवायला सांगितली.