घर दाखवण्याची शिस्त

"घर विकणं हा व्यवहार नव्हे, तो एक संस्कार आहे!" वामनराव टेंभुर्णीकरांनी ओसरीवर उभं राहून जाहीर केलं. संस्कार म्हणताना त्यांनी हात असा काही वर उडवला, की दोरीवर वाळत घातलेलं शरयूबाईंचं पातळ त्यांच्या डोक्यावर आलं आणि उरलेलं भाषण पातळातूनच ऐकू आलं.

पोस्टातून रिटायर झाल्यावर जुन्या जालन्यातलं हे माळवदाचं घर विकून नागपूरला लेकीकडे जायचं, असा बेत होता. रजनीला दिवस गेले होते, आणि तिच्या बाळंतपणाआधी आईला तिथं पोहोचायचंच होतं. पण साल त्र्याहत्तर. दोन वर्षं पाऊस नाही. अशा दिवसांत घर कोण घेणार? वर्षभरात एकाही गिऱ्हाइकानं उंबरा ओलांडला नव्हता.

वामनरावांच्या मते याचं कारण दुष्काळ नसून शिस्तीचा अभाव हे होतं. त्यांनी दारावर पाटी लावली. घर बघायला येणाऱ्यानं आदल्या दिवशी वर्दी द्यावी, चारनंतर यावं, वहाणा बाहेर काढाव्यात. आणि घर बघायला आलेल्यांखेरीज कोणीही अंगणात पाऊल ठेवू नये.

हे शेवटचं कलम गल्लीच्या वर्मी लागलं. अंगणात आड होता, आणि सगळ्या गल्लीत पाणी टिकून असलेला तो एकच.

"अंगणभर चिखल करतात," वामनराव म्हणाले. "गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"कोणतं गिऱ्हाईक?" शरयूबाईंनी विचारलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. समोरची झुंबरबाई दारात उभी.

"काका, उद्या चारला घर बघाया येऊ का?"

"खरेदीचा विचार आहे?"

"मंग! बिलकुल."

दुसऱ्या दिवशी ती बरोबर चारला आली. वहाणा बाहेर काढल्या. कमरेवर घागर होती.

"ही कशाला?"

"घर घ्यायचं म्हंजे पाणी कसंय ते बघाया नको का काका? चवीला, रंगाला. एवढ्याशा तांब्यात काय कळून राह्यलंय!"

वामनराव खूश झाले. याला म्हणतात चोखंदळ गिऱ्हाईक! ते स्वतः रहाट ओढू लागले. ही अक्कल झुंबरबाईला कोणी दिली, ते शरयूबाईंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग रांगच लागली. सोनूबाईनं वर्दी दिली, दोन घागरी घेऊन आली. तातेराव आला तो बादली घेऊन. दरवाजाच्या लाकडाची तारीफ करत करत तो थेट आडापाशी पोचला. काही गिऱ्हाइकं तर पाणी पुन्हा तपासायला रोज येऊ लागली.

वामनरावांचा पाय जमिनीवर ठरेना. "शरयू, अगं मागणी बघ घराला! नागपूरला तार करू का?" घराची किंमत ते मनातल्या मनात रोज वाढवत होते. शरयूबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. वामनरावांना वाटलं, बिचारीला आनंद सोसवेना.

अशात एक दिवस साळवे गुरुजी आले. सोबत बायको कौसल्या. वर्दी नाही, हातात भांडं नाही.

"मी रामकिसन साळवे. मूळ शहागडचा, इथं शाळेत मास्तर. आम्ही बौद्ध." पुढचा प्रश्न कोणता येतो, याची सवय असलेल्या गुरुजींनी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"ते राहू द्या हो," वामनराव कडाडले, "वर्दी कुठंय? अशी घरं बघतात होय? या उद्या!"

"उद्या शाळा हाये."

"मग परवा. शिस्त म्हणजे शिस्त."

"अहो, बघू द्या त्यांना!" शरयूबाई इतक्या जोरात म्हणाल्या की पाटी हलली.

गुरुजींनी भिंती ठोकून पाहिल्या. कौसल्येनं चूल पाहिली, धूर कुठून जातो ते विचारलं, प्रत्येक कडी लावून काढून पाहिली.

"माळवद गळतं का?" गुरुजींनी विचारलं.

"कळायला पाऊस पडलाय कुठं!"

गुरुजी हसले. "घर पसंत हाये आम्हाला."

वामनरावांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. या माणसानं आडात डोकावूनसुद्धा बघितलं नव्हतं! "पसंत सगळ्यांनाच आहे, गुरुजी. ही बघा रांग. तुमचा नंबर शेवटचा."

गुरुजी रांगेकडे वळले. "तुम्ही समदे घर घेऊन राह्यले?"

रांगेनं घागरी मागं लपवल्या. सोनूबाईला हसू आवरेना.

"तातेराव, तू काय देणार घराचं?" वामनरावांनी उत्साहानं विचारलं.

"मी? काका, मी सासऱ्याच्या घरात राहतो फुकट. घर कशाला घेऊ?"

"मग चार दिवस..."

"पाणी न्यायला आल्तो की."

वामनराव मटकन आडाच्या कठड्यावर बसले. नागपूर डोळ्यांपुढून निघून गेलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की वर्षभरातलं एकुलतं एक गिऱ्हाईक वहाणा घालतंय.

"गुरुजी! अहो गुरुजी! थांबा!" ते अनवाणी धावले. वर्दीचं कलम तिथंच रद्द झालं, आणि मनातली किंमतही झरझर मूळ जागी आली.

"एक सांगतो," गुरुजी म्हणाले, "ही पाटी मी काढणार. पाण्यावरून माणूस परत धाडलेला आमच्या बापानं लई बघितलाय. माझ्या दारात ते व्हायचं न्हाई."

गल्लीत जल्लोष झाला. कौसल्येनं पाटी उतरवली, शरयूबाईंनी गूळ वाटला. वामनरावांना गहिवरून आलं. आडाला पाठ लावून, रहाटावर हात ठेवून ते बोलू लागले:

"मंडळी, आज हे घर योग्य हातात जातंय. या घरानं मला..."

शरयूबाईंनी डोळे पुसले.

"काका," झुंबरबाई हळूच म्हणाली, "जरा बाजूला सरता का? घागर सोडायची हाये."