क्रेनच्या केबिनमधला ‘शुअर’

मी एक जुना वॉकी-टॉकी आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर माणसांवर माझा राग आहे. गोड बोलायला मला जमणार नाही. ऐकायचं तर ऐका.

कारखान्यातून निघालो तो थेट एका उंच क्रेनच्या केबिनमध्ये आलो. क्रेन एक बाई चालवत. त्यांचा नवरा खाली उभा राहून इशारे देई. त्याच्याकडे माझा जोडीदार होता, साइटच्या साहेबांकडे आणि इतरांकडे आमची भावंडं. साहेबांनी दोघांना एक इंग्रजी शब्द नेमून दिला होता. ओझं उचलण्याआधी बाईंनी विचारायचं, “शुअर?” नवऱ्याने ओझ्याला बांधलेले पट्टे तपासायचे, खाली कुणी उभं नाही ना ते पाहायचं आणि मगच म्हणायचं, “शुअर.” शंका असेल तर तो म्हणे, “थांब, शुअर करून घेतो.” कधी कधी बाई वर बसून कंटाळत, पण चिडत नसत. ते दिवस माझ्या मानाचे होते. बाई मला रोज पदराने पुसत.

पुढे नवऱ्याची पाठ धरली. तो घरी बसला आणि त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ आला. त्याला वहिनीच्या हाताखाली काम करणं मुळीच रुचत नव्हतं. त्याच्या तोंडी त्या शब्दाची पार रया गेली. साहेबांनी काही सांगितलं की “शुअर, शुअर”, म्हणजे नुसतं हो ला हो. कुणी मदत मागितली की “शुअर”, म्हणजे वाट बघत बसा. वहिनीने विचारलं की “शुअर”, म्हणजे डोकं खाऊ नका. हे सगळं मला निमूटपणे पोचवावं लागे.

एके दुपारी लोखंडी प्लेटांचा गठ्ठा उचलायचा होता. जेवणाची वेळ जवळ आली होती आणि माणसं नळावर हात धूत होती. गठ्ठा त्यांच्याच डोक्यावरून जाणार होता.

“शुअर?” बाईंनी विचारलं.

“शुअर.”

“भावजी, तुम्ही पत्र्याच्या शेडमागे बसलाय. मला वरून दिसतंय.”

“शुअर म्हटलं ना, वहिनी.”

“म्हटलंत. पाहिलंत का?”

“सगळी साइट ऐकतेय. उचलायचं नसेल तर खाली उतरा.”

बाईंनी क्रेन बंद केली, मला कमरेला अडकवलं आणि खरोखरच उतरल्या. गठ्ठ्यापाशी जाऊन त्यांनी पट्टा उलटा केला. आतल्या बाजूने तो निम्म्याहून अधिक कापला गेला होता. नळावरची माणसं येऊन बघू लागली. बाईंनी माझं बटण दाबून साहेबांना बोलावलं.

धाकटा शेडमागून धावत आला आणि त्याने मला त्यांच्या हातातून हिसकावून जमिनीवर आपटलं.

“माझ्या पोटावर पाय दिलात.”

“तुमच्या पोटावर पाय आला, पण यांच्या डोक्यावर प्लेटा आल्या नाहीत.”

“दादाला सांगतो मी.”

“शुअर,” बाई म्हणाल्या. एवढ्या थंडपणे हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

धाकट्याची रवानगी गोदामात झाली. दोन-तीन दिवसांनी नवरा काठी टेकत फाटकाशी आला. बाईंनी माझं फुटलेलं कवच चिकटपट्टीने बांधलं होतं, मी त्यांच्या हातातच होतो.

“लहान आहे तो. साहेबांकडे शब्द टाक,” तो म्हणाला.

“त्या दिवशी तुम्ही खाली असता, तर उचलू दिलं असतंत?”

त्याने काठीचं टोक मातीत रोवलं.

“नाही.”

“मग मला शब्द टाकायला सांगू नका.”

तो आला तसा परत गेला. तेव्हापासून त्या घरात दिराचं आणि नवऱ्याचं ताट वेगळ्या खोलीत जातं. बाई एकट्या जेवतात.

मी आता खरखरतो. उद्या-परवा मला भंगारात टाकतील. टाका. पण मित्रांनो, कुणी “शुअर?” असं विचारलं तर आधी जागेवरून उठा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. उठायचा कंटाळा असेल तर तसं सरळ सांगा. विचारणारा वर थांबायला तयार असतो.