गेटवरची झडती

पहिल्या वेळी बॅटरी गेली. दुसऱ्या वेळी टपावरच्या सोलर पॅनलचे दोन नट काढले आणि पळाले. तिसऱ्या वेळी वायर गेली. तिन्ही वेळा भर दुपारी. आणि तिन्ही वेळा मी आधीच काहीतरी शहाणपणा करून ठेवलेला.

शहाणपणा सांगतो. आधी जागा सांगतो.

आम्ही गाडीत राहतो. मी आणि बाबा. जुनी मॅटाडोर, पुढची चाकं विटांवर. लालबागला, मिलच्या गेटाच्या आत, जिथे आमची चाळ उभी होती तिथेच. चाळ जानेवारीत पाडली. मीटर कापले. सगळ्यांना लांब ट्रान्झिट कॅम्पला पाठवलं. नव्या बिल्डिंगमध्ये रूम मिळेल असं बिल्डरच्या माणसांनी तोंडी सांगितलं. कागद मागितला की चहा पाजायचे.

बाबा म्हणाले, "ब्याऐंशीक पण तोंडीच सांगलेला. संप मिटलो की सगळ्यांका परत घेतलव. घेतल्यानी?"

नाही घेतलं. मी त्याच साली जन्मलो. बाबांच्या हातात लूम होता तो गेला, मी आलो. आता पंचवीस वर्षांचा आहे.

तर आम्ही हललो नाही. दोनच बिऱ्हाडं राहिलो. आम्ही मॅटाडोरमध्ये आणि बकुळामावशी ताडपत्रीखाली. मावशी मिलवाल्यांची खानावळ चालवायची. तिचा स्टोव्ह अजून पेटतो आणि तोंड पण.

सोमवारी सरकारी सर्व्हेवाले येणार होते. जागेवर जो राहताना दिसेल त्याचं नाव यादीत. नसेल त्याचं नाही. इतकं सोपं.

आणि बाबांना दिवसातून दोनदा वाफेचं मशीन लागतं. एकोणीस वर्षं कापसाची धूळ छातीत गेली, ती आता हिशेब मागते. मशीनला लाईट लागते. म्हणून टपावर पॅनल, मागे खोक्यात बॅटरी, आत इन्व्हर्टर. सगळं मीच जोडलेलं. परळला इन्व्हर्टरच्या दुकानात कामाला आहे, शिकवलं कोणी नाही, जळलेली सर्किटं उघडून बघून बघून शिकलो.

म्हणजे बघा. बॅटरी गेली की मशीन बंद. मशीन बंद की बाबांना इथून न्यावं लागणार. नेलं की जागा रिकामी. चोराला बॅटरीशी काय घेणं नव्हतं.

आता शहाणपणा. मी बॅटरीला मोटरसायकलचा हॉर्न लावला होता. खोक्याला हात लावला की बोंबलणार. चोराने पहिलं काय केलं? बॅटरीचीच वायर तोडली. हॉर्न त्याच बॅटरीवर. मेला.

मावशी हसून हसून खाली बसली. "इंजिनेर! अरे चोर बॅटरी नेतोय आणि तू बॅटरीलाच बोंब मारायला ठेवलायस!"

मग दुकानातून दुसरी बॅटरी आणली. हॉर्नला वेगळा सेल लावला. दुसऱ्या वेळी हॉर्न वाजला, चोर पळाले, पण बाबा आतच झोपलेले, उठलेच नाहीत. लूमखात्यातून माणूस अर्धा बहिरा होऊनच बाहेर पडतो हे घरात जन्मल्यापासून माहीत असून मी बाबांसाठी हॉर्न लावला. बहिऱ्याच्या उशाशी.

मग मी बॅटरीला लोखंडी पिंजरा केला आणि वेल्डिंग मारून टाकलं. वरून लाल रंगाने 'वि. सा. परब' लिहिलं. पॅनलच्या नटांची डोकी घासून गोल केली, पाना लागूच नये. वायरवर हातभर अंतराने पिवळ्या ऑइलपेंटचे पट्टे मारले, म्हणजे कुठेही दिसली तर ओळखू येईल. फार खूश होतो.

शुक्रवारी दुपारी त्यांनी वायर नेली. टपापासून खोक्यापर्यंत, अख्खी, पट्ट्यांसकट.

संध्याकाळी आलो तर बॅटरी उतरलेली आणि बाबा बसून. झोपून श्वास येत नव्हता म्हणून बसून. दुकानात नेऊन चार्ज करावी म्हटलं तर बॅटरी पिंजऱ्यात, पिंजरा वेल्ड केलेला, मीच. टॅक्सी केली, डॉक्टरकडे नेलं, तिथे वाफ दिली. दीड तास.

परत आलो तर बिल्डरचा सुपरवायझर हेरंब आमच्या गाडीसमोर उभा राहून मोबाईलवर फोटो काढत होता. दार उघडं, आत कोण नाही.

"परब, तुम्ही इथे राहत नाही असं दिसतंय," हेरंब म्हणाला. एकदम स्वच्छ बोलतो, रेडिओसारखा. "मी तशी नोंद करतो. वडिलांच्या प्रकृतीचा तरी विचार करावा माणसाने."

मी त्याच्या अंगावर गेलो. मावशीने मागून कॉलर धरली.

गेटवर धोंडूकाका बसलेला. त्याच्याकडे गेलो. "काका, चार मीटर वायर घेऊन माणूस तुमच्यासमोरून जातो आणि तुम्हाला दिसत नाही?"

"माका रस्त्याकडे बघूक सांगलेला आसा," तो म्हणाला. रस्त्याकडे बघतच.

हा धोंडू म्हणजे मिलचा जुना गेटवाला, आता बिल्डरच्या पगारावर. ह्याच गेटवर, ह्याच स्टुलावर. रोज सुटी झाली की बाबा ह्याच्यासमोर हात वर करून उभे राहायचे आणि हा त्यांची झडती घ्यायचा. खिसे, कंबर, डबा. कोणी बॉबिन नेतो का, कोणी कापड गुंडाळून नेतो का. एकोणीस वर्षं. दोघं कणकवलीकडचे, शेजारच्या गावातले, तरी. आई होती तेव्हा सांगायची, बाबा घरी येऊन आधी पाय धुवायचे, मग तिला म्हणायचे, आज पण चोर नाय निघालंय.

शनिवारी सकाळी मावशीने पातेल्यात पाणी उकळून बाबांना टॉवेलखाली बसवलं. थोडा श्वास मोकळा झाला. मी नवीन वायर आणायला निघालो तर बाबांनी शर्ट धरला.

"ती पण जातली."

"मग काय करू? पाइपात घालतो. पाइप जमिनीत पुरतो."

"लूमाक कधी कुलूप घातलेला ऐकलंस तू?" बाबा म्हणाले. "हजार लूम होते. हजार माणसां. खंयच्याच मशीनीक कुलूप नाय. सगळी मिल एका गेटावर सांभाळली. तू मशीन सांभाळतंस. गेट सांभाळ."

"गेट त्यांचं आहे बाबा."

"गेट कोणाचा नसता. जो थंय उभो रवता, तेचा."

साडेपाचला मिलच्या पाडकामाची माणसं सुटतात. पाचला आम्ही गेटवर. मी मॅटाडोरमधली खुर्ची नेली, बाबा बसले. मावशी पिशवी घेऊन आली. गाडी रिकामी सोडायला नको म्हणून दारात तिचा पेटता स्टोव्ह आणि वर चहा. "काढ म्हणावं फोटो. चहा काय भूत करतंय?"

धोंडूकाका स्टुलावरून उठला. "ह्या काय नाटक, विठोबा?"

"सुटी झाली," बाबा म्हणाले. "झडती घे."

"कोणाची?"

बाबा खुर्चीतून उठले. त्याला वेळ लागला. मग धोंडूसमोर उभे राहून त्यांनी दोन्ही हात वर केले. शर्ट वर गेला, बरगड्या दिसल्या. मला बघवेना.

"माजी. पयली."

"गप रव रे."

"एकोणीस वर्सां घेतलंस. आज काय हात मोडलो?"

मजूर जमले होते. तीस-चाळीस. कोणी हसत नव्हतं. धोंडूकाकाचे हात आपोआप पुढे आले. सवय. खिसे, कंबर, पाठ. बाबांच्या छातीवर हात आला तिथे थांबला. आतली घरघर हाताला लागते, मला माहीत आहे.

"काय मिळाला?" बाबांनी विचारलं.

"काय नाय."

"एकोणीस वर्सात कधी मिळाला?"

"नाय."

"मग आता दुसऱ्यांची घे."

मावशीने पिशवी धोंडूच्या पायाशी उलटी केली. दोन कांदे, चष्मा, पानाचा डबा. मग एक मजूर पुढे आला, गमछा झटकून दाखवला. "देख लो चचा. हम भी देख लें कौन चोर है, गाली तो हमको पड़ती है." मग रांगच लागली. डबे उघडले, फावड्यांच्या गोणी उघडल्या. धोंडूकाकाचा हात असा चालायला लागला जसा मधली वर्षं गेलीच नाहीत. कोणाकडे काही नाही.

शेवटी हेरंबची गाडी. हॉर्न मारत. रांगेमागे थांबावं लागलं म्हणून काच खाली केली.

"काय चाललंय? धोंडू, गेट उघड."

मी समोर उभा राहिलो. "डिकी दाखवा साहेब. सगळ्यांची झाली, तुमची राहिली."

"तुला अधिकार काय?"

"काही नाही."

खरंच नव्हता. खोटं कशाला बोलू.

त्याने काच वर केली आणि ड्रायव्हरला काहीतरी बोलला. बाहेर एक शब्द आला नाही. बाबा खुर्चीत बसून बघत होते. मग म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, बहिरी माणसं बोलतात तसं:

"म्हणता, रिव्हर्स घे, मागल्या बाजून काढ, वायर अजून डिकीत आसा."

हेरंबचं तोंड उघडंच राहिलं. त्याला कोण सांगणार. हजार लूम चालू असताना कानाने कोण ऐकतं? लूमखात्यात सगळे ओठ वाचतात. बाबांनी तर युनियनची अख्खी भाषणं मागच्या रांगेतून वाचलेली.

ड्रायव्हरने रिव्हर्स घेतला. मजूर तोवर मागे येऊन उभे. हलले नाहीत. त्यांची झडती झाली होती ना.

धोंडूकाका चालत गाडीमागे गेला. हळू, गेटवाल्याच्या चालीने. डिकीवर दोनदा थाप मारली. "उघडा, साहेब."

"धोंडू, नोकरी जाईल तुझी."

"उघडा."

ड्रायव्हरनेच आतून खटका ओढला. बिचारा घामाने भिजलेला. स्टेपनीखाली वेटोळं. पिवळे पट्टे, हातभर अंतराने. मी मोजायला पण गेलो नाही.

"कोणीतरी टाकली असेल," हेरंब म्हणाला. रेडिओची खरखर झालेली. मागून एक मजूर मोठ्याने शिंकला आणि सगळे हसले.

"शुक्रवारी माज्या समोरसून नेल्यानी," धोंडूकाका म्हणाला. मला नाही, बाबांना. "माका दिसला होता, विठोबा."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मान हलवली फक्त. माफ केलं की नाही मला अजून कळलेलं नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," हेरंब गाडीतून ओरडला.

"उद्या आयतवार. परवा येतंय. आणि स्टूल माजा आसा, कंपनीचा नाय."

वायर जोडायला मला दहा मिनिटं लागली. उतरत्या उन्हात जेवढं मिळालं तेवढं. रविवारी दिवसभर कडक ऊन. संध्याकाळी मशीन गुरगुरलं आणि बाबा झोपले. आडवे.

सोमवारी सर्व्हेवाला आला. कुरळ्या केसांचा, घाईतला. हेरंबने मोबाईलवरचा फोटो दाखवला. सर्व्हेवाल्याने फोटो बघितला, मग समोर तोंडाला वाफेचा मास्क लावून बसलेले बाबा बघितले, मग लाल अक्षरातलं नाव बघितलं.

"विठोबा सावळाराम परब तुम्हीच?"

बाबांनी मास्क काढला नाही. बोटाने नाव दाखवलं.

लिहिलं. मावशीचं पण. मावशीने स्पेलिंग तीनदा तपासायला लावलं, तिला स्वतःला वाचता येत नसताना.

जाताना सर्व्हेवाला गेटवर पोचला तर धोंडूकाका स्टुलावरून उठला. नोकरी नव्हती, गणवेश नव्हता. बनियन आणि लेंगा.

"बॅग उघडा, साहेब."

"अहो, मी सरकारी माणूस आहे."

"हय सगळ्यांची झडती होता."

त्याने वैतागून बॅग उघडली. धोंडूकाकाने हात घातला, यादी बाहेर काढली, माझ्याकडे दिली. "वाच रे झिला. बापाशीचा नाव आसा?"

मी वाचलं. मोठ्याने. आतपर्यंत.

धोंडूकाकाने यादी घडी घालून परत बॅगेत ठेवली, चेन लावली आणि गेट उघडलं.

"ह्या नाव जाऊ दे भायर," तो म्हणाला.